न घेतलेली ओटी

लग्नानंतर माझी ओटी जितक्या वेळा भरली गेली, तितकी आमच्या अख्ख्या पंचवटीत कुणाची भरली गेली नसेल. सासरे रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायचे आणि त्यांचे यजमान वर्षातून एकदा तरी सहकुटुंब आमच्याकडे जेवायला असायचे. त्या यजमानांच्या बायका माझ्याकडे बघायच्या, मग सासूबाईंकडे बघायच्या, आणि निघताना माझ्या पदरात तांदूळ, नारळ, खण घालून म्हणायच्या, "पुढच्या वर्षी पाळणा हलू दे हो." पाळणा काही हलला नाही. खण मात्र साठत गेले. कपाटाचा एक अख्खा कप्पा त्यांनी भरला होता. एवढ्या रंगांचे ब्लाउज शिवायचे तर मला आणखी दोन जन्म घ्यावे लागतील, असं मी नवऱ्याला म्हणायचे. तो हसायचा. मला हसू येत नसे.

शेवटी दवाखान्यांना आम्ही कंटाळलो आणि दोघांनी मिळून ठरवलं की मूल दत्तक घ्यायचं. सासऱ्यांनी ऐकून घेतलं, "चांगलं आहे," म्हणाले आणि संध्येला बसले. सासूबाई ताटात तांदूळ निवडत होत्या. "तुमची इच्छा," एवढंच त्या बोलल्या आणि पुन्हा ताटात डोकं घातलं. आम्ही तो होकार धरला. त्या घरात सासूबाईंचं मत वेगळं असं कधी कुणी विचारलेलं मला आठवत नाही, मीसुद्धा नाही.

आता माझ्या थोरल्या दिरांबद्दल. माणूस मनाने वाईट नाही हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना शिव्या घालाल. त्यांनी भिक्षुकी केली नाही, इमारती बांधल्या. आमचं जुनं घर पाडून तिथे उभी राहिलेली इमारतही त्यांचीच, आम्ही तिच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. ते स्वतः गंगापूर रोडला बंगल्यात राहतात. त्यांची एक सवय आहे. कुठल्याही दाराशी गेले की बेल दाबण्याआधी आतल्या कुणाला तरी फोन लावतात. दवाखान्यात नंबर लवकर लागायचा तो त्यांच्या फोनमुळे, भाच्याला कॉलेजात प्रवेश मिळाला तोही त्यांच्याच फोनमुळे. ज्या संस्थेत आम्ही दत्तकासाठी नाव घातलं, तिथे वऱ्हांड्यात त्यांनी दिलेला पाण्याचा कूलर होता आणि त्यावर त्यांचं नाव, चांगलं ठळक अक्षरात.

"विश्वस्तांशी माझं बोलणं झालंय," ते म्हणाले. "बाई एकदा येईल, चहा पिईल, अहवाल लिहील. काळजी करू नका."

ही बाई म्हणजे संस्थेची समाजसेविका. दत्तकाच्या कामात तिचा शब्द मोठा. ती घरी येते, घर बघते, माणसांशी बोलते आणि मूल या घरात द्यावं की नाही याचा अहवाल लिहिते. तिने हो म्हटलं तरच आमचं नाव पुढे सरकणार होतं. नाही म्हटलं तर सगळं तिथेच संपलं. माझं वय उलटत चाललं होतं आणि मला दुसरी कुठलीही वाट उरलेली नव्हती.

पहिल्या भेटीच्या दिवशी दीर सकाळपासून आमच्याकडे. आदल्या आठवड्यात त्यांनी आमच्या खोलीत एसी बसवून दिला होता आणि कोपऱ्यात एखादं लहानसं खेळणं ठेवावं तर नाही, चांगलं पुरुषभर उंचीचं कापसाचं अस्वल आणून उभं केलं होतं. शिरा होता, पोहे होते, काजूकतली होती. समाजसेविका ताई स्कूटरवरून आल्या. साधी सुती साडी, खांद्याला पिशवी, चाळिशी उलटलेली. त्यांनी एक प्रश्न विचारायचा आणि दिरांनी त्याचं उत्तर द्यायचं, असा तासभर कार्यक्रम चालला. "आजींचं काय मत?" असं त्यांनी विचारलं तेव्हाही दीरच म्हणाले, "आई? आई तर नातवंडासाठी आसुसलीये!" सासूबाई पदर सावरून हसल्या. ताईंनी अस्वलाकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

त्या उठल्या तशी सासूबाई आत गेल्या आणि तबक घेऊन आल्या. सवाष्ण बाई पहिल्यांदा घरी आली, तिची ओटी भरायची, यात त्यांना विचार करण्यासारखं काही नव्हतंच. कुठलीही बाई आली असती तरी त्यांनी तेच केलं असतं. फक्त त्या दिवशी तबकात तांदूळ, नारळ, हळकुंडाबरोबर खणाच्या जागी येवल्याची पैठणी होती. मोरपंखी, अस्सल हातमागाची. दिरांनी सकाळीच आणून सासूबाईंच्या हातात दिली होती, "खण काय देतेस, हे दे," म्हणून.

ताईंनी पैठणीकडे बघितलं आणि दोन्ही हात मागे घेतले.

"काकू, कामावर असताना मी ओटी घेत नाही."

"अहो, ओटीला नाही म्हणू नये," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "बरं, साडी ठेवते बाजूला. नुसते तांदूळ घ्या."

"तेही नको. कुंकू लावा."

सासूबाईंनी कुंकू लावलं. ताई वाकून नमस्कार करून गेल्या. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला तरी सासूबाई तबक धरून दारातच उभ्या होत्या. दीर म्हणाले, "फार ताठ दिसतेय बाई. मी बोलतो." मला मात्र ताईंचा भयंकर राग आला होता. माझ्या सासूने आयुष्यात कुणाला लाच दिलेली नाही, आणि ही कोण लागून गेली, असं मी नवऱ्याला रात्री जेवताना तीनदा ऐकवलं.

दिरांच्या बोलण्याचा परिणाम झाला असावा, कारण महिनाअखेरपर्यंत अहवाल जाईल असा निरोप आला. माझा जीव भांड्यात पडला. आणि त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी, माझ्या विम्याच्या ऑफिसला सुट्टी म्हणून मी आणि सासूबाई गच्चीवर कुरडया घालत होतो, तेव्हा ताई न सांगता जिना चढून वर आल्या.

मी सोऱ्या तसाच हातात धरून उभी राहिले. माझा गाऊन चिकाने बरबटलेला, सासूबाईंच्या डोक्याला पंचा गुंडाळलेला. ना शिरा, ना काजूकतली. ताईंनी चपला कडेला काढल्या, हात धुतले आणि विचारलं, "मी घालू का थोड्या?" सासूबाईंनी पाट सरकवला. ताईंच्या कुरडया वाकड्यातिकड्या येत होत्या. सासूबाईंना त्या बघवेनात, त्या हात धरून शिकवायला लागल्या. दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. सोवळ्यातला स्वयंपाक, श्राद्धाची पानं, सणवार असं सगळं झालं. मग ताईंनी कुरडई घालता घालता विचारलं, "काकू, समजा तुम्ही सोवळ्यात आहात आणि पोर रांगत रांगत येऊन तुम्हाला बिलगली. मग काय कराल?"

सासूबाईंनी डोक्याचा पंचा सोडून हात पुसले.

"खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"कुणाचं, कुठलं, काही ठाऊक नाही. माझा हात पुढे होईल का, मला नाही सांगता येत. या दोघांना वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते."

मला वाटलं, तिथल्या तिथे गच्चीवरून खाली उडी मारावी, आणि जाताना दोघींनाही बरोबर न्यावं. ताईंनी फक्त मान हलवली. राहिलेला चीक संपेपर्यंत त्या बसल्या. जिन्यात मी त्यांना गाठलं.

"आता काय लिहिणार तुम्ही?"

"अजून काही लिहिणार नाही. अहवाल थांबवते."

मग मी जे बोलायला नको ते बोलले. लोक पोरं कचऱ्यात टाकतात आणि तुम्ही घर असलेल्यांना उंबऱ्यावर अडवता, म्हणाले. म्हातारं माणूस आहे, बोलायचंच असं काहीतरी, म्हणाले. त्यांनी मला अडवलं नाही. माझं बोलून झाल्यावर त्या पायरीवर बसल्या आणि मलाही बसायला सांगितलं.

काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एका मोठ्या घरचा अर्ज आला होता. वरून फोन आला, लोक ओळखीचे आहेत, जास्त वेळ घेऊ नका. त्या एकदाच गेल्या. घर काय, महालच होता. बाळासाठी वेगळी खोली, वेगळी बाई. त्यांनी अहवाल लिहून दिला. काही महिन्यांनी त्या लोकांनी मुलगी परत आणून दिली. आमच्यात रुळत नाही, म्हणाले. नंतर कळलं की त्या घरातल्या आजीने तिला एकदाही जवळ घेतलं नव्हतं, आणि पोर जेवायची ती कामवालीजवळ, मागच्या ओट्यावर.

"ती परत आली तेव्हा कुणीही हात पुढे केले तरी जायची नाही," ताई म्हणाल्या. "मी तिथे आणखी एकदा गेले असते, त्या आजीजवळ नुसती बसले असते, तरी मला कळलं असतं. फोन आला म्हणून गेले नाही."

मी ऐकून घेतलं. खरं म्हणजे पटलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरी जे झालं त्याची शिक्षा मला का, एवढंच डोक्यात होतं.

संध्याकाळी दीर आले, हातात फोन तयारच. "तिचं डोकं फिरलंय. फाइलच दुसऱ्या बाईकडे देतो, सोमवारी काम होईल," ते म्हणाले. नवरा माझ्याकडे बघत होता. मी मनात म्हणत होते, लावा, लवकर लावा. सासूबाई स्वयंपाकघरात सोऱ्या धूत होत्या. तशाच ओल्या हातांनी बाहेर आल्या.

"फोन लावू नकोस," त्या म्हणाल्या.

"अगं आई, तुला त्यातलं कळत नाही..."

"मला नाही कळत? पोर कुणाच्या मांडीवर वाढणारे? ही दोघं सकाळी ऑफिसला जातात. दिवसभर घरात मी. त्या बाईने मला विचारलं, तुला जमेल का. तुम्ही कुणी विचारलंत? पैठणी आणून हातात दिलीस, आसुसलीये म्हणून सांगून टाकलंस. ती दुसरी बाई येईल, चहा पिईल आणि जाईल. मग मी काय करू?"

दिरांनी फोन खिशात टाकला. त्यांच्या आईला इतकं बोलताना त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं. आम्ही तिघांनी एक मूल आणायचं ठरवलं होतं आणि ज्या माणसाच्या पदरात ते दिवसभर राहणार, त्या माणसाला गृहीतच धरून चाललो होतो.

पुढच्या आठवड्यात ताईंनी सासूबाईंना विचारलं, "माझ्याबरोबर मनमाडला येता का? एका आजीला भेटवते." दिरांनी गाडी देऊ केली. ताई नको म्हणाल्या. दोघी एसटीने गेल्या. मला येऊ दिलं नाही. मी दिवसभर ऑफिसात चुका करत राहिले.

सासूबाई दिवेलागणीला परतल्या. पाय धुतले, देवाला दिवा लावला आणि मग माझ्यासमोर बसून सगळं सांगितलं. रेल्वेत नोकरी करणाऱ्या माणसाचं घर, दोनच खोल्या. ताईंनी त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत नेलं, घर दाखवलं आणि स्वतः तिथेच चहाच्या टपरीशी थांबल्या. "तुम्ही नाही येत?" म्हणून सासूबाईंनी विचारलं तर म्हणाल्या, "मला बघितलं की ती घाबरते. तिला वाटतं, मी परत न्यायला आले."

म्हणजे परत आणून दिलेली मुलगी हीच. आता पाच वर्षांची झालेली.

"आत गेले तर पोर आजीच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली," सासूबाई सांगत होत्या. "माझ्या हातातली पिशवी बघत होती. आजीला म्हणाली, ही बाई माझे कपडे भरायला आली का?" एवढं बोलून सासूबाई थांबल्या. पदराने डोळे पुसले. मग त्या आजीचं बोलणं तिच्याच आवाजात त्यांनी मला ऐकवलं: "पह्यलं म्या बी हात नाय लावला, बाई. कोनाची, काय, मला काय म्हाईत. मंग येक दिस तापानं फनफनली, लय रडली. घरात कोनी नाय. उचलावीच लागली. तवापासून खाली ठिवली नाय बगा." हे सांगताना सासूबाई हसत होत्या आणि रडतही होत्या.

निघताना त्या पोरीने सासूबाईंना रिकामी पिशवी उघडून दाखवायला लावली होती. सासूबाईंनी दाखवली. मगच तिने टाटा केलं.

"त्या पोरीचं जसं झालं तसं आपल्याकडून व्हायला नको," सासूबाई मला म्हणाल्या. "मला थोडा वेळ दे. मी प्रयत्न करीन. पण जमेलच असं त्या ताईंना खोटं सांगू नकोस."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ताईंवरचा माझा राग त्या संध्याकाळी गेला तो गेलाच.

ताई आणखी दोनदा आल्या. मग अहवाल गेला आणि आमचं नाव लागलं. आता वाट बघायची होती. त्या काळात दिरांनी एकदाही फोन लावला नाही, आणि त्यांच्यासाठी ते किती अवघड गेलं असेल हे मीच जाणे. अखेर आमची लेक आली, जेमतेम उभी राहायला शिकलेली, दाराच्या चौकटीला धरून आत बघणारी. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळला, लांबूनच. घरात आल्यावर तिच्याशी बोलायच्या, गाणी म्हणायच्या, पण उचलून घेत नव्हत्या. मीही घाई केली नाही. त्यांनी वेळ मागितला होता आणि मी कबूल केलं होतं.

एका अमावस्येला सासऱ्यांकडे श्राद्धाची पानं होती. सासूबाई सोवळं नेसून खिरीपाशी. मी लेकीला हॉलमध्ये ठेवून दार लोटून घेतलं होतं, पण ते नीट लागलं नसणार. मी वळून बघते तो ती रांगत ओट्यापर्यंत पोचली होती आणि सासूबाईंच्या सोवळ्याला दोन्ही मुठींनी धरून उभी राहत होती. मी धावले. सगळा स्वयंपाक पुन्हा करावा लागणार, पानं खोळंबणार, सासरे चिडणार, हे सगळं एका क्षणात डोळ्यांसमोर आलं.

"राहू दे तिला," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पळी खाली ठेवली आणि वाकून तिला उचललं. "सोवळं काय, पुन्हा नेसता येतं."

पानं उशिरा झाली. सासऱ्यांनी कारण विचारलं नाही. दाराआडून ते बघत होते असं नवरा नंतर म्हणाला.

दत्तक झाल्यावरही ताई ठरल्या वेळी येऊन लेकीला बघून जायच्या. तिचं वजन, बोलणं, झोप सगळं विचारायच्या. चहा घ्यायच्या, ओटी घ्यायच्या नाहीत. सासूबाईही तबक आणायच्या नाहीत, कुंकू तेवढं लावायच्या. शेवटच्या भेटीच्या दिवशी ताईंनी सांगितलं की आता फाइल बंद झाली, यापुढे यायची गरज नाही. लेक तेव्हा सासूबाईंच्या मांडीवर पालथी पडून त्यांच्या बांगड्या मोजत होती, एक, दोन, सात, अशा.

"एक विचारू?" सासूबाई म्हणाल्या. "त्या दिवशी गच्चीवर मी म्हणाले होते, माझा हात पुढे होईल का माहीत नाही. ते लिहिलंत का हो?"

"लिहिलं."

"मग आता खोडा ना. कुणी वाचलं तर काय म्हणेल?"

"नाही खोडणार, काकू," ताई म्हणाल्या. "ते बोललात म्हणूनच मी हो लिहिलं."

त्या पिशवी घेऊन खाली गेल्या. मी खिडकीत उभी होते. स्कूटरची डिकी उघडली, पिशवी आत टाकली, डिकी बंद केली आणि जिना चढून पुन्हा वर आल्या. दारात उभ्या राहून पदर पुढे धरत म्हणाल्या, "आता मी कामावर नाही. भरा."

सासूबाईंची कोण धांदल उडाली. पाट मांडला, नारळ सापडेना, हळकुंड सापडेना. पैठणी कपाटात होती, पण ती त्यांनी काढली नाही. ती केव्हाच नातीच्या नावाने ठेवून दिली आहे. माझ्या त्या भरल्या कप्प्यातला एक खण मी काढून दिला, हिरवा. इतकी वर्षं ज्यांच्याकडे बघवत नव्हतं, त्यातला एक खण द्यायला मला किती आनंद झाला ते कसं सांगू. तांदूळ घालायला लेक पुढे सरसावली. निम्मे ताईंच्या पदरात पडले, निम्मे जमिनीवर.

ओटीतले चार दाणे घरच्या माणसाला परत द्यायचे असतात. ताईंनी ते सासूबाईंना दिले नाहीत, मला दिले नाहीत. वाकून लेकीच्या फ्रॉकच्या ओच्यात टाकले. तिने ओचा घट्ट मुठीत धरला आणि पळत जाऊन आजीला दाखवला.

संध्याकाळच्या भातात सासूबाईंनी ते दाणे टाकले आणि तिला भरवले.